मान काळी, वजन 44 किलो : डॉक्टरकडे न्यायचं का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, माझा मुलगा 9 वर्षांचा आहे, चौथीत. शाळेत तपासणी झाली आणि कागद आला, वजन 44 किलो, उंची 134 सेंमी, बालरोगतज्ज्ञांना दाखवा म्हणून. सासूबाई म्हणतात खात्यापित्या घरातलं पोरगं आहे, नजर लावू नका. मिस्टर म्हणतात तालमीत घालू, आपोआप उतरेल. त्याची मान मागून काळी पडलीय, कितीही घासली तरी निघत नाही. तो आजारी नाही, मग नेऊन काय करणार? औषध असतं का यावर?
– एक आई, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, आधी ती मान घासायची बंद करा, तो मळ नाहीये. अंगात इन्सुलिन जास्त तयार व्हायला लागलं की मानेच्या वळ्यांत, काखेत कातडी अशी काळपट, जाडसर, मखमलीसारखी होते. म्हणजे डायबेटिस झालाच असं अजिबात नाही, पण त्या वाटेवर आहे का हे आत्ताच बघायला पाहिजे, म्हणून आजारी नसतानाच न्यायचं.

आता आकडा. 44 किलोला मीटरमधल्या उंचीनं, म्हणजे 1.34 ने दोनदा भागा, 24.5 येतो, हा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती याचा आकडा. मोठ्या माणसाचा एवढा आला तर थोडंसं वाढलंय म्हणून सोडून देतात, पण मुलांचा तसा वाचत नाहीत, वयाप्रमाणे चार्टवर टाकावा लागतो, मुलींचा चार्ट वेगळा. इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे 2015 चे चार्ट आहेत, 5 ते 18 वर्षांसाठी, त्यात मोठ्यांच्या 23 आणि 27 बीएमआयला जुळणाऱ्या दोन रेषा असतात. पहिलीच्या वर जादा वजन, दुसरीच्या वर लठ्ठपणा, आणि तुमचा मुलगा दुसरीच्याही वर आहे. स्पष्ट सांगतोय कारण या वयात हातात वेळ आहे.

मला कळकळीनं सांगावंसं वाटतं, 5 वर्षांचा लसीचा डोस झाला की पोरं आमच्याकडं ताप-खोकल्यालाच येतात आणि त्या गर्दीत उंची मोजायची राहून जाते. वर्षातून एकदा चप्पल काढून, टाचा भिंतीला टेकवून उंची घेतली आणि चार्टवर ठिपका मारला तरी रेषा चढायला लागलेली दोन-तीन वर्षं आधी दिसते.

डॉक्टर बीपी बघतील (लहान मुलाचा पट्टा वेगळा असतो, तो वापरतात का बघा), रक्तात साखर, कोलेस्टेरॉल, लिव्हर तपासतील. रात्री घोरतो का तेही सांगा. थायरॉईडमुळं वजन वाढलं तर उंची खुंटते, याची उंची वयाला चांगली आहे, त्यामुळं ती शंका कमी.

औषध या वयात शक्यतो लागत नाही. वजन झपाट्यानं उतरवायचंही नाही, आहे तिथं थोपवायचं आणि उंची वाढू द्यायची, उपाशी ठेवणं तर मुळीच नको. मिस्टरांना सांगा तालीम चांगलीच आहे, रोज तासभर अंगातून घाम निघाला पाहिजे, मग कुस्ती असो नाहीतर गल्लीतला फुटबॉल, पण तालमीचा खुराक नको. थंडाई, तूप, बदाम आणि गंगावेशीतलं म्हशीचं धारोष्ण दूध हे शेकड्यानं जोर-बैठका मारणाऱ्या पैलवानासाठी, चौथीतल्या पोराला दिवसाला दोन कप दूध पुरे. आणि प्यायच्या आधी उकळा.

रविवारचा तांबडा-पांढरा बंद करू नका, वाढताना तेवढं माप ठेवा. खरा घोळ रोजच्या खारी-बटरचा, पाच-दहा रुपयांच्या पाकिटांचा आणि कोल्ड्रिंकचा, 250 मिलीच्या बाटलीत साधारण 25 ग्रॅम साखर असते म्हणजे पाच चमचे. ते घरात आणूच नका, कुणासाठीच, नाहीतर बाकीचे खातायत आणि हा बघत बसलाय असं होतं, मग पोरगं लपून खातं. टीव्ही-मोबाइलसमोर ताट नको, झोप नऊ तास तरी व्हावी.

त्याला जाड्या, ढोल्या कुणीही म्हणायचं नाही, मायेनंही नाही. दवाखान्यात सासूबाईंना सोबत न्या, चार्टवरचा ठिपका त्यांनी डोळ्यांनी बघू दे, कारण दुपारी त्याच्या पोटाचं त्याच बघत असणार. आणि त्याला धाकटं भावंड असेल तर त्याचीही वजन-उंची त्याच दिवशी करून घ्या.