दोनदा मेलेला माणूस

प्रश्न : ‘मेटल गिअर’ या व्हिडिओ गेम मालिकेच्या पहिल्या खेळात नायक सॉलिड स्नेक आउटर हेवन या शत्रूच्या तळावर बिग बॉसला संपवतो. कथेतलं साल 1995. मग दुसऱ्या खेळात, 1999 मध्ये, झांझिबार लँड या काल्पनिक देशात तोच बिग बॉस पुन्हा कसा उभा राहतो? लिहिणाऱ्यांची चूक म्हणायची का ही? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : शेवट फोडल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही. मालिकेतला ‘द फँटम पेन’ हा खेळ अर्धवट राहिला असेल, तर आधी तो संपवा आणि मग या पानावर या.

पहिला खेळ 1987 चा, एमएसएक्स 2 या घरगुती संगणकासाठी हिदेओ कोजिमाने केलेला. त्यात बिग बॉस फॉक्सहाउंड या लष्करी पथकाचा प्रमुख म्हणून रेडिओवरून तुम्हाला वाट दाखवतो आणि शेवटी शत्रूचा म्होरक्याही तोच निघतो. 1990 च्या दुसऱ्या खेळात तो परत आला तेव्हा ‘तो वाचला होता’ एवढ्यावरच भागवलं होतं. ही फट पंचवीस वर्षं तशीच होती.

2015 मध्ये ‘द फँटम पेन’ने ती बुजवली. 1975 च्या स्फोटात एक लष्करी वैद्य बिग बॉसच्या आडवा येतो. नऊ वर्षांनी सायप्रसच्या इस्पितळात शुद्धीवर येतो, तो हाच वैद्य. चेहरा बिग बॉसचा, आठवणीही त्याच्याच भरलेल्या. शेजारच्या खाटेवरचा पट्ट्या गुंडाळलेला रुग्ण हा खरा बिग बॉस. आउटर हेवनमध्ये मरतो तो हा वैद्य. झांझिबार लँडला दिसतो तो अस्सल.

खुणा पहिल्यापासून समोर होत्या. सुरुवातीला डॉक्टर तुमच्याकडून नवा चेहरा घडवून घेतात आणि पुढे तो चेहरा कुठेच दिसत नाही. मला वाटलं होतं, हा भाग कापला असेल. शेवटी कळतं की तो त्या वैद्याचा मूळ चेहरा होता, म्हणजे आपला! मग इलाय. हा मुलगा म्हणजे लहानपणीचा लिक्विड, सॉलिड स्नेकसारखाच बिग बॉसचा क्लोन. त्याचा आणि आपण खेळतो त्या ‘स्नेक’चा (बिग बॉसचंच हे टोपणनाव) डीएनए तपासतात आणि तो जुळत नाही. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. हा निकाल ऐकल्यावर मी कंट्रोलर खाली ठेवला. क्लोनचा डीएनए मूळ माणसाशी जुळत नसेल, तर खोट मुलात नाही, आपण ज्याला बिग बॉस समजतोय त्याच्यात आहे. तरीही माझ्या भाच्याने आणि मी पुढचे कित्येक तास ‘तपासणीत घोळ झाला असेल’ असंच म्हणत काढले. आवडत्या माणसाबद्दलचा पुरावा आपण असाच बाजूला सारतो.

शेवटच्या प्रसंगात आरशासमोरच्या त्या माणसाच्या हाती एक कॅसेट येते. तिच्या एका बाजूवर लिहिलंय ‘ऑपरेशन इंट्रूड एन 313’. 1987 च्या खेळातल्या मोहिमेचं हेच नाव. म्हणून मी असं मानते की रेडिओवरचा आवाज खऱ्याचा होता आणि तळावर वाट बघत होता तो दुसरा. आता तो जुना खेळ लावला की शेवटची लढत मला जिंकावीशी वाटत नाही. समोर तो वैद्य असतो.

प्रश्न : 1998 च्या ‘मेटल गिअर सॉलिड’मध्ये लिक्विड म्हणतो, सॉलिड स्नेकला सगळी ‘प्रभावी’ जनुकं मिळाली आणि त्याला उरलेली टाकाऊ. पण शेवटी त्याचा साथीदार ऑसेलॉट फोनवर उलटंच सांगतो. खरं कोण? (बारावीची विद्यार्थिनी, कराड)

उत्तर : कथेपुरतं ऑसेलॉटचं खरं. लिक्विड मरेपर्यंत स्वतःला कमी प्रतीचा समजत राहिला, आणि हीच त्याची शोकांतिका.

पण तुझ्या परीक्षेसाठी दोघंही चूक, हे पक्कं लक्षात ठेव. प्रभावी म्हणजे एकच प्रत असली तरी ज्याचा परिणाम दिसतो ते जनुक, उत्तम नव्हे; अप्रभावीच्या दोन प्रती लागतात. हंटिंग्टनचा आजार प्रभावी जनुकामुळे होतो आणि तो जीवघेणा आहे. उलट ‘ओ’ रक्तगट अप्रभावी, आणि आपल्या वर्गात तो कितीतरी जणांचा असतो. गडचिरोली-नंदुरबारकडे आढळणारा सिकलसेल अप्रभावी आहे, पण त्याचं एकच जनुक असलेल्याला मलेरियापासून संरक्षण मिळतं. शिवाय एकाच माणसाच्या क्लोनमध्ये एकाला सगळी प्रभावी आणि दुसऱ्याला सगळी अप्रभावी अशी वाटणी होतच नाही.

हा गोंधळ भाषेतही आहे. जपानीत या गुणांना ‘युसेई’ आणि ‘रेस्सेई’ म्हणत. त्या चित्रलिपीत पहिल्याचा अर्थ सरस, दुसऱ्याचा निकृष्ट. 2017 मध्ये जपानच्या आनुवंशिकी संस्थेने हे शब्द बदलून ‘केन्सेई’ आणि ‘सेन्सेई’ सुचवले, म्हणजे उघड आणि दडलेला. 1998 मध्ये लिक्विडच्या तोंडी जुनाच शब्द होता. एका शब्दाने त्या मुलाचं आयुष्य नासवलं, असं मला मनापासून वाटतं. वर्गात मी ‘अप्रभावी’ शिकवताना दरवर्षी थांबून सांगते, अप्रभावी म्हणजे दुबळा नव्हे.

प्रश्न : नव्याने सुरुवात करायची तर 1964 मध्ये घडणाऱ्या कथेपासून (‘सॉलिड’चा तिसरा भाग) की 1987 च्या खेळापासून? (वाचक, पुणे)

उत्तर : प्रकाशनाच्या क्रमाने. 2023 च्या ‘मास्टर कलेक्शन’च्या पहिल्या खंडात एमएसएक्सवरचे दोन्ही आणि ‘सॉलिड’चे पहिले तीन भाग एकत्र आहेत. एमएसएक्सचे जड गेले तर 1998 च्या भागापासून लागा, पण पहिल्या खेळातला तो क्षण निदान एकदा अनुभवा. शेवटाजवळ रेडिओवरून बिग बॉस तुम्हालाच हुकूम देतो, ‘एमएसएक्स बंद कर.’ बंद करू नका.