आउटपासवर परतलेल्या पोरास

बेटा,

सौदीतून हद्दपार होऊन आलो, आता पुन्हा कामाला परदेशात जाता येईल का, असं तू विचारलंस. बहुतेकांना जाता येतं. पण आउटपासवर, म्हणजे पासपोर्टऐवजी एम्बसीने परतीसाठी दिलेल्या कागदावर आलेला माणूस गावात पोचून पहिलं जे काम करतो, तिथंच चुकतो. तालुक्याच्या स्टँडवर कुणीतरी भेटतो आणि कानात सांगतो, "नवा पासपोर्ट काढ, नावातलं एखादं अक्षर बदल, जन्मतारीख पुढं-मागं कर, मागचं सारं पुसल्या जाते." काही पुसल्या जात नाही. पासपोर्ट नवा निघतो, बोटं आणि डोळे जुनेच राहतात. अमिरातीत तर हद्दपार केलेल्यांच्या डोळ्यांची नोंद वीस वर्षांपासून विमानतळावर ताडून पाहतात. बदललेल्या नावावर व्हिसा येतो, व्याजाच्या पैशात तिकीट निघतं, आणि तिकडच्या काउंटरवर मशीन जुनं नाव दाखवते. आलास तसाच परत, आणि या खेपेला फसवणुकीची नोंदही सोबत.

म्हणून पहिली खेप लपवू नकोस. कागदोपत्री उघडी ठेव.

पासपोर्टच्या अर्जात सरळ विचारलेलं असतं की याआधी इमर्जन्सी सर्टिफिकेटवर भारतात परतलात का, हद्दपार झालात का. तुझा आउटपास म्हणजेच ते इमर्जन्सी सर्टिफिकेट. तिथं 'हो' लिही. मग त्याचा नंबर, तारीख, कुठल्या एम्बसीने दिला आणि कारण, हे भरावं लागतं. मूळ कागद बहुधा विमानतळावरच काढून घेतात. फोनमध्ये फोटो असेल तर आजच दोन प्रिंट काढून पेटीत ठेव. फोटो नसेल तर एम्बसीला ईमेल करून तपशील मागव. 'नाही' लिहिलंस तर पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम १२ प्रमाणे तो गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'हो' लिहिल्यावर चौकशी होते, कधी नागपूरला पासपोर्ट ऑफिसात बोलावतात, काही आठवडे जास्त जातात. तेवढं सोस.

जुना पासपोर्ट कफीलकडेच, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा होता त्या मालकाकडेच राहिला असेल तर शपथपत्रात तसंच लिही. बसमध्ये चोरी गेला, नदीत पडला असल्या गोष्टी रचू नकोस. ठाण्यातली तक्रार, शपथपत्र आणि अर्ज या तिन्हींत एकच हकीकत, एकच तारीख हवी. जुन्याची मुदत बाकी असेल तर हरवल्याच्या बदल्यात ३६ पानी पासपोर्टची फी ३,००० रुपये आहे. अर्जाला बसण्याआधी शाळेतून दाखलखारीजचा उतारा आण आणि आधारशी एक-एक अक्षर जुळवून पाहा. पहिल्या एजंटाने वय वाढवून पासपोर्ट काढला असेल तर तेही दडवू नकोस. जुना नंबर देऊन, जन्माचा दाखला जोडून उघडपणे दुरुस्ती माग.

सगळ्यात जास्त फायली अडतात त्या पोलीस पडताळणीत. हवालदार घरी येतो, तू वावरात असतोस, आणि शेजारी मोठ्या कौतुकाने सांगतो, "तो तर सौदीले असते." झालं, पत्त्यावर राहत नाही असा शेरा. अर्जात गेल्या वर्षभराचा पत्ता मागतात. त्यातले जितके महिने तिकडे होतास तितके तिकडचा पत्ता लिही. अर्जाच्या पावतीची झेरॉक्स घेऊन स्वतः ठाण्यात जाऊन ये, आणि ज्या दोघांची नावं साक्षीला दिलीस त्यांना तू कधी परतलास ते नीट सांगून ठेव.

आता कुठं जायचं ते. तू हुरूब (काम सोडून पळाल्याची मालकाची तक्रार) लागल्यावर तरहीलमधून (हद्दपारीच्या कोठडीतून) आलास, म्हणजे ठसे देऊन हद्दपारीच्या नोंदीने आलास. कामासाठी सौदी तुला बंद आहे असंच धरून चाल. "मी क्लिअर करून देतो" म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नकोस. माफीच्या मुदतीत निघालेल्यांची गोष्ट वेगळी. अमिरातीत १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ या मुदतीत जे निघाले, त्यांना दंडही नव्हता आणि परत यायची बंदीही नव्हती. त्यांचं पाहून तू हिशेब करू नकोस.

माझं ऐकशील तर पहिल्यांदा कतारचं पाहा. कारण साधं आहे. त्यांची व्हिसा केंद्रं भारतातच आहेत, आपल्याला मुंबई किंवा हैदराबाद सोयीचं. ठसे, डोळे, मेडिकल आणि कराराची सही हे सारं विमानात बसण्याआधी तिथंच होतं. जे काही अडायचं ते इथंच अडतं आणि रात्रीच्या गाडीने तू घरी येतोस. करार समोरच्या स्क्रीनवर दिसतो. एजंटाने सांगितलेला पगार आणि तिथला आकडा वेगळा निघाला तर सही न करता उठ. लाज वाटू देऊ नकोस. मार्च २०२१ पासून तिथं किमान पगार १,००० रियाल आहे. मालक राहणं देत नसेल तर वर ५००, जेवण देत नसेल तर ३००.

कॅनडाचं डोक्यात असेल तर तिथल्या अर्जातही याआधी कुठून काढलं का, हे विचारतात. खोटं उत्तर सापडलं की पाच वर्षं दार बंद. सांगितलेली हद्दपारी समजावून देता येते, लपवलेली नाही.

दहावी झाली नसेल तर पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे कामावर परदेशी जायला सरकारी परवानगी लागते असा शेरा येईल. पोरांना तो कमीपणाचा वाटतो आणि तो चुकवायला एजंट त्यांना व्हिजिट व्हिसावर बसवतो. महिना-दोन महिन्यांत व्हिसा संपतो आणि माणूस बेकायदा होतो. मागच्या खेपेचा तुझा 'आझाद व्हिसा'ही असाच फसवा होता. कागदावर कफील एक आणि काम दुसरीकडे. असा व्हिसा कुठल्याच कायद्यात नाही. ईसीआरवाल्याला आखाती देशांत कामावर जायला ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवरून परवानगी लागते, म्हणजे मालकाचं नाव आणि करार आधी सरकारच्या नोंदीत येतो. तुझ्यासाठी ते चांगलंच आहे. सोबत प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा काढावा लागतो, दोन वर्षांना २७५ रुपये. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख.

एजंटाचं नाव ई-मायग्रेटच्या यादीत स्वतः शोध. परवाना जिवंत आहे की निलंबित, तेही तिथं दिसतं. परवानाधारक एजंट सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये घेऊ शकतो, जीएसटी धरून ३५,४००. पैसे बँकेतून, पावती घेऊन. कुणी रोख दीड लाख मागितले तर हा हिशेब कर. शेकडा ३ ने दीड लाखाचं व्याज महिन्याला ४,५००. १,००० रियालातून साबण, फोन, औषधपाणी जाऊन ७५० घरी आले, तर २३ च्या भावाने १७,२५० होतात. त्यातला चौथ्या हिश्श्याहून जास्त सावकाराच्या घरी जाईल आणि मुद्दल तसंच राहील. पहिल्या खेपेत वावर गहाण पडलं असेल आणि सावकाराकडे परवाना नसेल, तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज कर. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली बेकायदा सावकारीतली जमीन परत मिळू शकते. दुसऱ्या खेपेसाठी सातबारा पुन्हा कुणाच्या हाती देऊ नकोस.

एजंटाला पैसे द्यायच्या आधी तालुक्यातच छातीचा एक्स-रे काढ. जुन्या टीबीचा वण, रोग बरा झालेला असला तरी, मेडिकलमध्ये 'अनफिट' करतो, आणि हे पैसे भरल्यावर कळणं फार महागात पडतं.

तिकडच्या थकलेल्या पगारावर पाणी सोडू नकोस. सौदीत काम संपल्यापासून १२ महिन्यांत दावा घालावा लागतो, म्हणून आजच परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार टाक. इकाम्याचा (सौदीतल्या राहण्याच्या परवान्याचा) फोटो, हजेरीची वही, मालकाचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे आवाज, जे असेल ते जोड. जमत नसेल तर सरकारच्या मदत केंद्राला १८००-११-३०९० वर फोन कर, तो फुकट लागतो.

आणि दुसऱ्यांदा पोचल्यावरचं. लोक बेकायदा होतात ते सीमा ओलांडताना क्वचितच. पगार थकतो, मालक शिव्या देतो, आणि एका रात्री माणूस बॅग घेऊन रूम सोडतो. त्याच रात्री तो गुन्हेगार ठरतो आणि मालक सुटतो. कतारमध्ये पगार बँकेतून, ठरल्या तारखेपासून सात दिवसांत यायला हवा. नाही आला तर रूममध्येच राहून कामगार मंत्रालयाकडे तक्रार कर. २०२० पासून मालकाचा ना-हरकत दाखला न घेता नोकरी बदलता येते. दोन वर्षांच्या आत एक महिन्याची नोटीस, नंतर दोन महिन्यांची. पासपोर्ट ठेवून घेणाऱ्या मालकाला २५,००० रियालपर्यंत दंड आहे, तेव्हा हात जोडून का होईना, पण तो मागून घे. आयडी कार्ड पहिल्या महिन्यात हातात आलं नाही तर गप्प बसू नकोस, आणि त्यावरची मुदत दर महिन्याला फोनवर पाहत जा.

घाई करू नकोस. पासपोर्टचा अर्ज पोळ्याआधी टाकलास तर दिवाळीपर्यंत पडताळणी आटोपेल. तोवर शटरिंगचं काम जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतं, हात सुटू देऊ नकोस. कापसाचे पैसे आले की एजंटाची फी घरातूनच निघेल. अर्ज भरलास की पाठवण्याआधी मला फोटो टाक, विशेषतः आउटपासचा नंबर लिहिलेलं पान. त्यातला एक आकडा चुकला तरी फाइल महिनाभर लोंबकळते.