दारूचं व्यसन असलेल्या बाईला मूल उशिरा होतं का?

तुम्ही लिहिलंय: वहिनीचं वय 34, रोजची दारू, मूल नाही, आणि घरचे म्हणतात, 'एक मूल झालं की आपोआप सुटेल.' मी व्यसनमुक्तीच्या महिला विभागात समुपदेशक आहे, म्हणून या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते. पोरगा पितो तर लग्न लावून द्या, सून पिते तर मूल होऊ द्या, ही आपल्या घराघरांतली औषधं. त्यांनी कुणाची सुटलेली मी अजून पाहिली नाही.

उशीर होतो, हे खरं. ऑस्ट्रेलियातल्या जुळ्या भावंडांच्या 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दारूच्या आहारी गेलेल्या बायकांना पहिलं मूल इतरांपेक्षा उशिरा झाल्याचं दिसलं. पण उशीर म्हणजे वंध्यत्व नव्हे. अति दारूने स्त्रीबीज वेळेवर सुटत नाही, पाळी पुढेमागे होते. शिवाय भांडणं, अबोला, माहेरी जाऊन बसणं, यातच तिशी सरते. (भाऊ पितो का? त्याचीही तपासणी करा. शुक्राणूंवरही दारूचा परिणाम होतो, पण पुरुषाला कुणी विचारतच नाही.)

मला काळजी उलट गोष्टीची जास्त वाटते. 'शेवटची पाळी कधी आली?' असं विचारलं की बाई मोबाइल काढते आणि गणपतीतले फोटो बघून अंदाज बांधते. पाळी चुकली तरी 'दारूमुळेच असेल' म्हणून सोडून देते. दिवस गेल्याचं कळेस्तोवर तिसरा महिना उलटलेला असतो, आणि बाळाचे अवयव घडतात ते नेमके या पहिल्या तीन महिन्यांतच. गरोदरपणात 'इतकी चालेल' अशी दारूची सुरक्षित मात्रा नाही.

त्यामुळे आधी दारू सोडणं, मग मूल. तोवर गर्भनिरोधक वापरू द्या. मात्र उद्यापासून घरच्या घरी बाटली बंद करू नका. रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी थांबली तर दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, भास होतात, फिट येऊ शकते. हे मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. मूल हवंय हे त्यांना पहिल्याच भेटीत सांगा, कारण दारू सोडवण्यासाठी देतात ती डायसल्फिरामसारखी गोळी गरोदरपणात टाळतात. पुण्यात मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राचा फक्त बायकांसाठीचा 'निशिगंध' विभाग आहे. दूर असाल तर 14446 या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा.

आणि ती गोळी चहात, भाजीत लपवून तर मुळीच देऊ नका. वर दारू प्यायली तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकतं.