मुलुंडहून टोरांटोला येताना, लेकीच्या प्रश्नासकट

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कॅनडाचं पीआर, म्हणजे तिथे कायमचं राहायची परवानगी, हातात आलंय, ऑगस्टमध्ये मुलुंडचं घर भाड्याने देऊन टोरांटोला यायचं ठरलंय, आणि चौदा वर्षांची लेक म्हणतेय, "मला मुलगी म्हणू नका, मी कोण ते मला बघू द्या." तिकडे गेल्यावर हे वाढेल की निवळेल, शाळा परस्पर काही करेल का, आणि निघण्याआधी नाव बदलून घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

नावाचं आधी सांगते, कारण त्याला तारखेची घाई आहे. आत्ता बदलू नका. चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयातून राजपत्र काढता येतं, पण मग पासपोर्ट, पीआरचे कागद आणि शाळेचा दाखला यांत दोन नावं होतील आणि ऐन निघताना तुमची धावपळ होईल. घरात हाक मारायला मात्र कुठलंच राजपत्र लागत नाही. तिला आवडणारं नाव आजपासून वापरून बघा. महिन्याभरात तिनेच ते बदललं तरी हसू नका. आमच्याकडे तीन नावं होऊन गेली.

आम्ही परळहून इथे आलो त्याला अकरा वर्षं झाली. माझा मुलगा आता एकोणीसचा आहे. चौदाव्या वर्षापर्यंत आम्ही त्याला मुलगी म्हणूनच वाढवलं. तुमच्याकडे असंच होईल असं मुळीच नाही. मी पहिल्यांदा चुकले ती तिथेच. त्याने तोंड उघडल्याबरोबर मला शेवट हवा होता. 'नक्की ना?' हे मी इतक्यांदा विचारलं की त्याने बोलणंच बंद केलं.

मग लक्षात आलं की तो माझ्याशी मराठीत बोलायचंच टाळतोय. इंग्रजीत 'आय केम' म्हटलं की सुटका होते. मराठीत 'मी आले' की 'मी आलो' हे दारात पाऊल टाकतानाच ठरवावं लागतं. मला वाटलं, पोरगं इथलं झालं. तसं नव्हतं. मराठी बोललाच तर वाट काढून बोलायचा: 'मी येईन', 'मी जेवण केलं', 'मला भूक लागली'. या वाक्यांत बाई-पुरुष कळत नाही. तुमची लेक असं काही करते का, कान देऊन ऐका. आणि ती 'आलो' म्हणाली तर दुरुस्त करू नका. गंमत म्हणजे सगळ्यांत कमी दचकली ती माझी आई. ती कोल्हापूरची, तिकडे बायकाही सर्रास 'मी येतो, मी जातो' म्हणतात. व्हिडिओ कॉलवर तिला ते खटकलंच नाही, आणि पुढचं सगळं त्याने स्वतःच तिला सांगितलं. नातेवाइकांना कधी आणि कुणी सांगायचं हे लेकीवर सोडा. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तुमच्या तोंडून निघालेलं दुसऱ्या दिवशी मुलुंडला पोचेल.

शाळेचं म्हणाल, तर प्रांताप्रांतात फरक आहे. ऑन्टारिओत २०१२च्या कायद्याने मुलांना शाळेत समलिंगी, ट्रान्स मुलं आणि त्यांचे मित्र यांचे गट काढता येतात, मुख्याध्यापक नाही म्हणू शकत नाहीत. नोंदीचं नाव एक आणि वर्गात हाक मारायचं नाव दुसरं, हेही इथे नवं नाही. आमच्या शाळेने ते नाव आम्हाला आपणहून कळवलं नव्हतं. मला राग आला होता; पण घरी सांगण्यासारखं वातावरण नव्हतं म्हणून त्याने शाळेत सांगितलं, ही चूक शाळेची नव्हती. पुढे नोकरीसाठी सस्कॅचेवन किंवा अल्बर्टाला जायचा विचार असेल तर तिथे सोळाच्या आतल्या मुलाचं नाव शाळेत बदलायला पालकांची संमती लागते.

औषधोपचाराची धास्ती घेऊन बसू नका. शाळा परस्पर औषधं देत नाही. आधी फॅमिली डॉक्टर, मग तज्ज्ञ, आणि तिथे थांबावं लागतं. सध्या तिला लागेल तो ऐकून घेणारा माणूस.

आणि हे 'तिकडचं वारं' आहे असं सासरी कुणी म्हणालं तर सांगा, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचा लिंगभाव, म्हणजे आपण बाई, पुरुष की आणखी कुणी, हे स्वतः ठरवण्याचा हक्क २०१४मध्येच मान्य केला. मुंबईत समलिंगी आणि ट्रान्स लोकांसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट तर १९९४पासून आहे. तुम्ही निघण्याआधी मुंबईतल्या 'स्वीकार' या अशा मुलांच्या पालकांच्या गटाला एकदा भेटा. टिसची (टाटा समाजविज्ञान संस्थेची) आयकॉल ही समुपदेशनाची हेल्पलाइनही आहे. समुपदेशक निवडताना पहिल्याच भेटीत तो काय म्हणतो ते बघा. सुट्टीत मुंबईला आलो असताना आम्ही एकाकडे गेलो होतो. 'लग्न झालं की सगळं जागेवर येईल,' म्हणाला. पोर पंधराचं होतं! फी देऊन उठलो.

थंडीचे कपडे तिकडून भरून आणू नका, इथे आल्यावर तिचे तिला निवडू द्या, कुठल्या विभागातले ते न बघता. बाकी फोनवर बोलू. शनिवारी तुमच्याकडे रात्री साडेआठ वाजता, तेव्हा इथे सकाळचे अकरा असतात. लेकीला बोलायचं असेल तर माझा मुलगाही घरीच असतो, पण तिने म्हटलं तरच.