अमोनियम बायकार्बोनेट: बिस्किटात हो, केकमध्ये नको

तुमचे तीन प्रश्न आहेत. पाकृतीत पीठ फुगवण्यासाठी लिहिलेलं अमोनियम बायकार्बोनेट खाण्याजोगं आहे का, डबा उघडल्यावर एवढा उग्र वास का येतो आणि उरलेलं केकमध्ये वापरता येईल का.

खाण्याजोगं आहे, फक्त पाकिटावर 'फूड ग्रेड' आणि ५०३ हा खाद्य-घटक क्रमांक बघून घ्या. प्रयोगशाळेसाठीचं किंवा खताचं आणू नका. नवसागरही याच्या जागी चालणार नाही, ते अमोनियम क्लोराइड असतं.

आता वास. खाण्याच्या सोड्याला आम्ल मिळालं नाही आणि नुसतीच उष्णता मिळाली, तर त्याचा बराचसा भाग सोडियम कार्बोनेट होऊन पदार्थात राहतो. साबणासारखी चव त्याचीच. अमोनियम बायकार्बोनेट मागे काहीच ठेवत नाही. ७९ ग्रॅममधून १७ ग्रॅम अमोनिया, ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि १८ ग्रॅम पाणी निघतं, हिशोब संपला! आम्लाचीही गरज नाही. हे विघटन साध्या तापमानालाही हळूहळू चालूच असतं, म्हणून डबा उघडताच अमोनिया नाकात जातो. झाकण सैल राहिलं तर काही दिवसांनी पावडर कमी झालेली दिसेल, ती कोणी चोरलेली नसते.

केकचं उत्तर मात्र स्पष्टपणे 'नको' असंच आहे. अमोनिया पाण्यात प्रचंड विरघळतो. पातळ बिस्किट भट्टीत जवळपास कोरडं होतं, त्यामुळे वाफेबरोबर अमोनियाही निघून जातो आणि मागे जाळीदार खुसखुशीतपणा राहतो. केकचा गाभा शेवटपर्यंत ओला असतो, म्हणून अमोनिया तिथेच अडकतो. असा केक तोंडात घालवत नाही. जाड, मऊ कुकीजनाही हाच नियम लावा. तिथे बेकिंग पावडरच बरी. बिस्किटातही बदली म्हणून तेवढीच बेकिंग पावडर घालता येते, पण तो कुरकुरीतपणा येत नाही.

वापरताना पावडर पाकृतीतल्याच थोड्या थंड पाण्यात पूर्ण विरघळवून घ्या. खडा राहिला की तिथे भोक किंवा काळसर डाग पडतो. भाजताना खिडकी उघडी ठेवा आणि भट्टीचं दार उघडताना तोंड लांब ठेवा, डोळे चुरचुरतात. कच्चं पीठ चाखू नका.

एक गोष्ट पाकृती लिहिणारे सहसा सांगत नाहीत. याने बिस्किटात अ‍ॅक्रिलामाइड (पिठाचे पदार्थ भाजताना तयार होणारं, कर्करोगाचा धोका वाढवू शकणारं रसायन) जास्त तयार होतं. युरोपियन युनियनच्या २०१७ च्या नियमावलीत बिस्किट उत्पादकांना शक्य तिथे याऐवजी दुसरे फुगवणारे घटक वापरून बघायला सांगितलं आहे ते त्यासाठीच. अधूनमधून घरी करणाऱ्याने यासाठी डबा फेकून द्यावा असं मला वाटत नाही. बिस्किटं फिकट सोनेरी झाली की काढा, तपकिरी होईपर्यंत थांबू नका.