पहिल्यांदाच खारीच्या शिकारीला निघालायस ना, मग हे वाच

मित्रा, रायफल कुठली, स्कोप कुठला हे नंतर बघू. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे शिकार बंदच, त्यामुळे इथे अमेरिकेत आलेल्या आपल्या लोकांना याची सवय नसते, त्यात काही कमीपणा नाही, पण हंटर एज्युकेशनचा कोर्स मन लावून कर. आणि एच-वन व्हिसावर असशील तर हंटिंग लायसन्स हातात आल्याशिवाय बंदूक घेऊ नकोस, फेडरल गुन्हा होऊ शकतो.

सुरुवातीला एवढं सांभाळ:

- पॉइंट टू-टूची (खारीसाठी वापरतात त्या छोट्या रायफलची) गोळी दिसते करंगळीच्या नखाएवढी पण जाते दोन किलोमीटरपर्यंत. खार फांदीवर आणि मागे नुसतं आकाश, तर मारायचंच नाही. ती जाड खोडाला चिकटेपर्यंत थांब. दगडावरून, पाण्यावरूनसुद्धा गोळी उसळते.
- नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. कुंपण ओलांडताना रायफल रिकामी.
- दुसऱ्या शिकाऱ्यांना आपण दिसावं म्हणून घालायच्या ऑरेंज जॅकेटचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे, आधी बघून घे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घाई. पहिल्या सीझनला मी साठ यार्डांवरून, उभ्याउभ्याच मारली, जखमी खार ढोलीत शिरली, मी तासभर झाडाखाली थांबलो पण ती बाहेर आलीच नाही. अजून टोचतं ते. म्हणून सरावाच्या रेंजवर पाचही गोळ्या रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत बसतात ते अंतर शोध, त्याच्या पुढे मारायचं नाही.

मारलंस तर शोधून आण आणि खा. पुढे कधी ससा मारलास तर सोलताना ग्लोव्हज घाल, त्यातून टुलरेमिया (जिवाणूंचा आजार) होऊ शकतो.