राउटरचा जिग: आधी खाचेचं माप

खुर्चीच्या सांध्याची खाच राउटरने (लाकूड कोरायचं यंत्र) पाडायला जिग, म्हणजे राउटरला वाट दाखवणारा साचा, करायचा तर 12 मिमी प्लाय पुरेल, पण त्यातल्या फटीचं माप चुकवू नकोस. गाइड बुशचा (राउटरच्या तळाची, फटीत सरकणारी नळी) बाहेरचा व्यास 16, बिट (कोरणारं पातं) 10, म्हणजे फरक 6 मिमी. खाच 10 बाय 50 हवी असेल तर प्लायमधली फट 16 बाय 56 काप. बुश फटीत खुळखुळला तर ती प्लाय सरळ बाजूला ठेव, नवी काप. कुसू (खाचेत बसणारं लाकडाचं टोक) सैल बसला की खुर्ची वर्षभरात डुगडुगते.

लाकडाच्या कडेला टेकायला जिगला खालून पट्टी स्क्रूने मार, फटीची मध्यरेषा प्लायवरच कोर. क्लॅम्प दोन लाव, एकावर जिग फिरतो.

एका फेरीत 4-5 मिमीच उतर, भुसा काढत राहा. आधी टाकाऊ तुकड्यावर कर. गोल टोकं पटाशीने चौकोनी करण्यापेक्षा कुसवाच्या कडा कानशीने गोल करणं मला सोपं वाटतं. चष्मा लाव, नक्की.